अर्धा तास आधीचा तांब्या

परवा सिन्नरहून धाकट्या नणंदेचा फोन आला. म्हणाली, वहिनी, संक्रांतीला बघितलं तुला, चांगली उतरलीयेस, काय करतेस खरं सांग, पावडर-बिवडर घेतेस का? मी म्हटलं अगं पावडर कसली, जेवायच्या आधी पाणी पिते. तिला वाटलं मी सांगायचं टाळतेय. ऑफिसातपण दोघीतिघींनी हेच विचारलं आणि प्रत्येकीला अर्धवट सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण यात माझ्या हातून एक मोठी चूकही झालीये आणि ती सांगितल्याशिवाय नुसतं "पाणी प्या" असं कोणाला सांगणं मला बरोबर वाटत नाही.

सुरुवात गणपतीच्या आधी झाली. कंपनीत वर्षातून एकदा तपासणी होते, त्यात माझी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे ते एचबीए१सी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर, त्याच्या पुढे डायबेटिस. वजन ७६ किलो ४०० ग्रॅम, वय ४९. माझ्या वडिलांना शुगर होती, त्यांच्या पायाची जखम भरायला किती महिने लागले ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे तो कागद हातात धरून मी सातपूरहून घरी येईपर्यंत बसमध्ये एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, गोड बंद, रात्रीचं जेवण लवकर, हे सगळं नेहमीचंच. त्यांच्याकडे आहार सांगणाऱ्या एक मॅडम बसतात, त्यांनी मला एक वेगळाच प्रश्न विचारला. म्हणाल्या, तुम्ही जेवायला बसता तेव्हा ताटाशेजारी पाणी असतं का? मी विचारात पडले. नसायचं. मी दिवसभरात पाणी कधी पिते तेच मला सांगता येईना. सकाळी चहा, ऑफिसात अकराला चहा, दुपारी डबा, मग दोन घोट पाणी, साडेतीनला चहा, घरी आल्यावर परत चहा. चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी, त्यात दूध धरलेलंच नाही. त्या म्हणाल्या तहान तुम्ही चहावर भागवताय आणि उरलेली जेवणावर. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

आता माहेरची गोष्ट सांगते. माझं माहेर निफाडकडे, आणि आमच्या आईचा कडक नियम, जेवताना पाणी प्यायचं नाही. "अग्नी विझतो गं, अन्न तसंच राहतं." आम्ही भावंडं ठसका लागला तरच तांब्याकडे हात न्यायचो. बाजरीची भाकरी आणि कोरडी चटणी असली की घास घशाखाली उतरायचा नाही तरी पाण्याला हात लावायची हिंमत नसायची. तीच सवय अंगात मुरलेली, लग्न होऊन २५ वर्षं झाली तरी.

मॅडमनी सांगितलं की पोट आपलं आम्ल गरजेप्रमाणे तयार करतं, दिवसाला दीड-दोन लिटर पाचकरस तयार होतो, एक-दोन ग्लास पाण्याने तो काही फुकट जात नाही, आणि नुसतं पाणी तसंही पोटात फार वेळ थांबत नाही, भराभर पुढे सरकतं. मला हे पटलं पण आईला कसं पटवायचं हा प्रश्न होता. कारण मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, डॉक्टर काल आले, आपली माणसं किती पिढ्यांपासून सांगतायत.

मग आमच्या सोसायटीत एक काका आहेत, निवृत्त, शाळेत संस्कृत शिकवायचे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी भेटतात. त्यांना सहज विचारलं, काका, आपल्याकडे जेवताना पाणी नको असं कुठे लिहिलंय हो? ते चालता चालता थांबलेच. म्हणाले वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अर्धी ओळ आहे, "समस्थूलकृशा भुक्तमध्यान्तप्रथमाम्बुपाः". म्हणजे जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो आणि आधी पिणारा कृश होतो. मी दोनदा म्हणायला लावलं आणि मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतलं. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा माणूस आणि पाणी कधी प्यायलं की अंगावर काय होतं ते अर्ध्या ओळीत सांगून मोकळा! काकांनी एक गोष्ट मात्र बजावली, ती मला फार आवडली. ते म्हणाले, वाग्भट कृश होणं चांगलं असं म्हणत नाहीये हं, कृश म्हणजे रोडावलेला, त्याच्या दृष्टीने चांगलं ते सम. तुझं वजन जास्त आहे म्हणून तुला आधीचं पाणी, ज्याचं ठीक आहे त्याने मध्ये मध्ये घोट घ्यावा. आणि त्याच ग्रंथात पोटाचे चार भाग करायला सांगितलेत, दोन भाग अन्न, एक भाग पाणी, एक भाग मोकळा सोडायचा वाऱ्याला. म्हणजे जेवताना पाण्याला जागा ठेवलेलीच आहे. आईला ते रेकॉर्डिंग पाठवलं. ती एवढंच म्हणाली, "बरं, पण ढसाढसा पिऊ नको."

आता मी नक्की काय करते ते सांगते. जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी. बस. डबा एकला उघडतो, म्हणून मी साडेबाराला स्टीलची अर्ध्या लिटरची बाटली काढून टेबलावर कीबोर्डशेजारी ठेवते आणि व्हाउचर टाकता टाकता दहा मिनिटांत हळूहळू संपवते. घरी रात्री तांब्या. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातला पितळी तांब्या आहे, तो मी मापून बघितला, गळ्यापर्यंत भरला की बरोबर दोन फुलपात्र आणि वर थोडं, साधारण अर्ध्या लिटरच्या आसपास. कणीक मळायला घ्यायच्या आधी तो भरून ओट्यावर ठेवायचा, कणीक मळून भिजायला ठेवली की एक फुलपात्र, भाजी फोडणीला टाकली की दुसरं. घड्याळ बघायची गरजच पडत नाही, पोळ्या होईपर्यंत अर्धा तास झालेला असतो. जेवताना मग फुलपात्र ताटाशेजारी असतं, दोन-तीन घोट, घास अडला तर अजून एक.

पहिल्या आठवड्यात फक्त बाथरूमच्या फेऱ्या वाढल्या, बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. डब्यात चार पोळ्या नेते, एक दिवस तीन खाल्ल्या आणि चौथी हातात घेतली तर ती घ्यावीशीच वाटेना. मुद्दाम सोडली असं नाही, नको झाली. तिचा तुकडा मोडला होता तो तसाच झाकणात ठेवला आणि मी त्या तुकड्याकडे बघत बसले, कारण मला आठवतं तेव्हापासून मी डबा पुसून खाणारी बाई आहे. घरी आल्यावर वहीत लिहिलं, "आज ३".

असं का होतं हे मी नंतर वाचून काढलं, आणि त्यातलं मला समजलं तेवढं सांगते. पोटाच्या भिंतीत ताण ओळखणाऱ्या नसा असतात, पोट ताणलं की त्या मेंदूला कळवतात की आत भरलंय. शिवाय पोट भरल्याची खबर वर पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि आपण तर दहा मिनिटांत जेवून हात धुतो, मेंदूला कळेपर्यंत दोन पोळ्या जास्त गेलेल्या असतात. पाण्यामुळे सुरुवातीलाच थोडी जागा भरलेली असते आणि माणूस हावरटासारखा तुटून पडत नाही. उतारवयाकडे हे जास्त चालतं म्हणे, कारण तरुण माणसाचं पोट पाणी लवकर पुढे ढकलतं. माझा मुलगा २२ वर्षांचा, त्याने चार दिवस करून बघितलं, जेवणात काडीचा फरक नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात यावर अभ्यास झालाय, तो २०१० साली आला. ५५ ते ७५ वयाची ४८ माणसं, सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार, त्यातल्या निम्म्यांना तिन्ही जेवणांआधी अर्धा लिटर पाणी. १२ आठवड्यांनी पाणीवाल्यांचं साधारण ७ किलो उतरलं, बाकीच्यांचं ५. नीट बघा, पाणी न पिणाऱ्यांचंही ५ उतरलंच की, म्हणजे मुख्य काम आहाराने केलं आणि पाण्याने वरचे दोन किलो दिले. मग २०१५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला ८४ लठ्ठ माणसांवर झाला, तिथे निम्म्यांना जेवणाआधी अर्धा तास पाणी प्यायला सांगितलं आणि उरलेल्यांना सांगितलं की तुम्ही फक्त मनात कल्पना करा पोट भरलंय म्हणून. पाणीवाल्यांचं सव्वा किलोच्या आसपास जास्त उतरलं. सव्वा किलो! मी हे मुद्दाम सांगतेय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर "पाणी प्या आणि महिन्यात १० किलो घटवा" असले मेसेज फिरतात, ते वाचून कोणी सुरू केलं तर तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन सोडून देईल. हे हळू चालणारं काम आहे.

अजून एक समजूत, फ्रिजचं गार पाणी प्यायलं की म्हणे चरबी जळते. याचा हिशोब मी स्वतः मांडला, अकाउंट्समध्ये असल्याचा एवढा तरी उपयोग. अर्धा लिटर पाणी ५ डिग्रीवरून अंगाच्या ३७ डिग्रीपर्यंत तापवायला १६ कॅलरी लागतात. एका साध्या ग्लुकोज बिस्किटाच्यासुद्धा नाहीत. तेव्हा गार की कोमट यावर भांडू नका, जे घशाखाली सहज उतरेल ते प्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्या नाशिकला माठातल्या पाण्याने दात ठणकतात, तेव्हा मी कोमटच प्यायले, कारण थंडीत तहानच लागत नाही आणि पाणी प्यायचं राहूनच जातं. माझ्या वहीत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस कोरे आहेत आणि त्याच आठवड्यात वजन अर्धा किलो वर गेलंय, त्यात संक्रांतीच्या गुळपोळ्याही होत्या, सगळा दोष पाण्यावर टाकत नाही.

मिसळीचं विचारलं नणंदेने, ते सांगायलाच हवं. नाशिकमध्ये राहून रविवारी मिसळ सोडणं मला जमणार नाही आणि मी सोडलेली नाही. आम्ही मखमलाबादच्या बाजूला मळ्यात जातो, चुलीवरची, रस्सा कितीही घ्या. पूर्वी काय व्हायचं, तिखट लागलं की पाणी, पाणी प्यायलं की अजून भडका, तो भडका शमवायला पाव, पाव कोरडा लागला की परत रस्सा, आणि असं करत करत चार पाव कधी संपले कळायचंच नाही. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून पाण्याने तो जिभेवर नुसता पसरतो. त्याला उतारा दही नाहीतर ताक. आता मी घरून निघताना पाणी पिऊन निघते, पोचून नंबर लागेपर्यंत अर्धा तास होतोच, मिसळीबरोबर पाण्याऐवजी साधं बिनसाखरेचं ताक, आणि दोन पाव. रस्सा एकदा घेते, तर्री वरची थोडी बाजूला करून. चव तीच, उलट जास्त नीट कळते. शेजारच्या टेबलावर लोक मिसळीबरोबर कोल्ड्रिंक घेतात ते बघून मात्र जीव तुटतो, ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते हो, सहा-सात चमचे, आणि त्याने पोटही भरत नाही.

आणि हो, नुसतं पाणी पिण्यापेक्षा पाणी अन्नात शिजवलं तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. यावरपण १९९९ सालचा एक अभ्यास आहे, पेन्सिल्व्हेनियातल्या बार्बरा रोल्स यांचा, २४ बायकांवर. कोंबडी-भाताचा एक पदार्थ, तोच पदार्थ आणि शेजारी ग्लासभर पाणी, आणि तेवढंच पाणी घालून त्याच पदार्थाचं सूप, असं जेवणाआधी वेगवेगळ्या दिवशी दिलं. सूप प्यायल्यावर बायका पुढे जेवल्या कमी. शेजारच्या ग्लासने तेवढा फरक पडला नाही. हे वाचलं आणि मला आमच्या आजीचा गुरगुट्या भात आठवला. मूठभर तांदूळ, मूठभर मुगाची डाळ, भरपूर पाणी, वर जिरं-तुपाची फोडणी, वाडगाभर खाल्ला की रात्रभर भूक नाही. आता आठवड्यातून तीन रात्री आमच्याकडे तेच असतं, नाहीतर पातळ पालेभाजी, कढण, टोमॅटोचं सार. कोरड्या भाज्या आणि फरसाण यांची संगत कमी झाली.

आता ती चूक.

माझं सुरू झालं, फरक दिसायला लागला, आणि माणसाला आपल्याला गुण आला की सगळ्यांना सांगावंसं वाटतं. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांचं हृदयाचं पंपिंग कमी आहे, दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात ठेवलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की दिवसाला सव्वा लिटरच पाणी, चहा, ताक, आमटी सगळं धरून. तो कागद फाइलमध्ये होता आणि फाइल कपाटात. सुरुवातीला आम्ही मोजून द्यायचो, मग त्या बऱ्या झाल्या आणि मोजायचं सुटलं. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना म्हटलं, आई, तुम्ही पण जेवणाआधी पाणी पीत जा, बद्धकोष्ठ कमी होईल. त्यांचा माझ्यावर विश्वास, त्या बिचाऱ्या निमूटपणे दोन्ही वेळचा तांब्या प्यायला लागल्या.

आठ-नऊ दिवसांनी सकाळी त्यांच्या पायात चपला घालायला गेले तर चप्पल जाईना. घोट्याजवळ बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तो तसाच राहिला, भरून यायला वेळ लागला. मी विचारलं आई रात्री झोप लागते का, तर म्हणाल्या दोन दिवस झाले आडवं झालं की दम लागतो, म्हणून उशाला टेकून बसते. मला का नाही सांगितलंत म्हटलं तर म्हणाल्या, तू दमून येतेस गं. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली, चार दिवसांत सूज उतरली, दम गेला. ते मला रागावले नाहीत, फक्त फाइलमधला तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ती तारीख, ती अक्षरं, सव्वा लिटर, खाली रेघ मारलेली. दोन वर्षांपूर्वी मीच तो कागद हाताने लावलेला होता फाइलला.

म्हणून कळकळीने सांगते, घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल, किडनीचा असेल, पायावर सूज येत असेल, लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांचं पाणी वाढवू नका, माझं वाचूनपण नाही आणि कुठलंही वाचून नाही. आणि धडधाकट माणसानेही एका बैठकीत तीन-चार लिटर रिचवायचे प्रकार करू नयेत, रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ होते त्यांनी जेवतानाच भरपूर पाणी पिऊन पोट तट्ट करून घेऊ नये, आमच्या ऑफिसातल्या एकीला त्याने त्रास वाढला होता, तिने ते जेवणाच्या आधी नेलं तेव्हा बरं वाटलं.

संध्याकाळचं राहिलं. घरी आल्यावर साडेसहाला जी खा खा सुटते ती माझी सगळ्यात अवघड वेळ. चिवड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवून काही होत नाही, स्टूल घेऊन काढते माणूस. मी एवढंच करते की आधी एक फुलपात्र पाणी, मग पायावर पाणी घेऊन कपडे बदलून येते, दहा मिनिटं जातात. तोपर्यंत निम्म्या दिवशी भूक निघून गेलेली असते, म्हणजे ती तहान होती. ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी खरी भूक आहे असं समजून मी खाते, मूठभर शेंगदाणे नाहीतर पेरू, आणि मनाला लावून घेत नाही. चहा चाराचे दोन झाले, साखर अर्धा चमचा.

तर हिशोब असा, गणपतीच्या आधी ७६.४, काल सकाळी ७१.१. यात रोजचं ४० मिनिटं चालणं आहे, चहाची साखर आहे, गुरगुट्या भात आहे, आणि तांब्या आहे. कोणी किती केलं ते वेगळं काढता येत नाही मला, पण तांब्या सुटला की बाकीचं सुटायला लागतं हे वहीत दिसतं. शुगर परत मार्चमध्ये तपासायचीये, आली की लिहीन.

सासूबाईंचं पाणी आता वेगळं असतं. एक लिटरची स्टीलची बाटली, तिच्या गळ्याला मी लाल दोरा बांधलाय, सकाळी सातला भरायची आणि दिवसभर त्यातूनच घ्यायचं, उरलेला पाव लिटर चहा आणि आमटीचा. रात्री झोपताना त्या बाटली हलवून मला आवाज ऐकवतात, "बघ, अजून दोन घोट आहेत."